व्याही आणि दोन तालुक्यांच्या पाठी

माझे व्याही माणसाला तोंडावरून ओळखत नाहीत, पाठीवरून ओळखतात. दौंडच्या बाजारात समोरून येणाऱ्याने नमस्कार केला की ते गोंधळतात, हसतात, "या, या" म्हणतात, आणि तो पुढे गेला की वळून त्याच्या पाठीकडे बघत मला सांगतात, "आरं, हा तर पाटसचा. उजवी बाजू अजून आखडलेलीच हाय." एकदा एका लग्नात त्यांनी एका माजी सभापतींना समोरून ओळखलं नाही. सभापतींना ओळख न देणं ही आमच्याकडे साधी गोष्ट नाही. व्याही शांतपणे म्हणाले, "साहेब, जरा वळता का?" सभापती का कोण जाणे, वळले. "अवो, तुम्ही व्हय," व्याही म्हणाले, "कवाचा बघतोय, कोण हाय म्हणून." शिरूर आणि दौंड या दोन तालुक्यांत ज्याची म्हणून कंबर दुखते, तो कधी ना कधी त्यांच्या अंगठ्याखाली येऊन गेला आहे. आली नव्हती ती एकच पाठ, आणि ती त्यांच्याच घरात होती: माझ्या विहीणबाईंची. हे सगळं ते त्या एका पाठीसाठी शिकले होते, आणि तिलाच हात लावू द्यायला विहीणबाई तयार नव्हत्या.

मी शिरूरचा, ते वरवंडचे. माझी मुलगी त्यांच्या मुलाला दिली आहे; ती दोघं नोकरीसाठी पुण्यात असतात. आमच्याकडे ज्याला व्याही म्हणतात त्याला त्यांच्याकडे इवाई म्हणतात, आणि ते मला हाक मारतात तेव्हा त्या शब्दातल्या शेवटच्या 'ई'ला हायवेवरच्या ट्रकसारखं ओढतात. मी वजनमापे खात्यात निरीक्षक होतो. समोरचा काटा खोटा आहे असं धरून चालायचं, आणि खरा निघाला तर जरा हिरमुसायचं, हा माझा आयुष्यभराचा धंदा. व्याही साखर कारखान्यात होते. पण ऊस जोखायच्या काट्यावर नव्हते, पॅनवर होते, म्हणून सोयरीक जमली. पॅनमन म्हणजे उसाचा रस आटवून त्यात साखरेचा दाणा धरायला लावणारा माणूस. भल्यामोठ्या भांड्यापाशी उभं राहायचं, मधूनमधून थेंबभर पाक काढून बोटांत चोळून बघायचा, आणि पुन्हा थांबायचं. या थांबण्यात माणूस एक तर तत्त्वज्ञ होतो किंवा बोलका. व्याही तत्त्वज्ञ झाले नाहीत.

निवृत्त होऊन घरी बसल्यावर त्यांच्या लक्षात आलं की आपली बायको जमिनीवरून एका दमात उठत नाही. आधी हात गुडघ्यावर, मग भिंतीवर, मग कमरेवर, असं टप्प्याटप्प्याने उठते, आणि शेवटच्या टप्प्याला तोंड पदराने पुसते म्हणून चेहरा दिसत नाही. डॉक्टर झाले, गोळ्या झाल्या, मलमं झाली. दौंडला एका फिजिओथेरपी करणाऱ्या मुलीकडे नेलं. विहीणबाई एकदाच गेल्या. "मला वाकता येत न्हाई म्हणून गेले," त्या माझ्या बायकोला म्हणाल्या, "तर ती पोरगी म्हणती, आज्जी, वाका." तेव्हा व्याह्यांनी मोबाइलवर एक व्हिडिओ पाहिला, पुण्याला जाऊन एका हॉटेलच्या हॉलमध्ये शनिवार-रविवारचे वर्ग केले, आणि लॅमिनेशन केलेलं एक प्रमाणपत्र घेऊन आले. ते ओसरीवर देवांच्या तसबिरींच्या रांगेत, पण एक वीतभर वर लावलं आहे.

या उपचाराचं नाव फॅशिया थेरपी. कातडीखाली, स्नायूंच्या भोवती एक पातळ पांढरा पापुद्रा असतो, संत्र्याच्या फोडीवर असतो तसा. तो डोक्यापासून टाचेपर्यंत सलग असतो, आणि कुठे आखडला की जुनी कंबरदुखी जडते, असं त्यामागचं म्हणणं आहे. औषध नाही, यंत्र नाही, व्याह्यांच्या पद्धतीत तेलही नाही. तेलाने हात घसरतो आणि पापुद्रा जागेवरच राहतो, असं ते म्हणतात. दुखऱ्या जागी हाताने सावकाश दाब द्यायचा आणि ती सैल होईपर्यंत थांबायचं. हे सगळं कितपत खरं यावर जाणकारांत मतभेद आहेत असं मी वाचलं आहे. व्याह्यांच्या मनात मतभेद नव्हते. "अवो इवाई, पाकच हाय तो," ते मला म्हणाले. "हलता ठिवला तर ठीक. थांबला की दाणा धरतो."

गावात 'फॅशिया' हा शब्द टिकणं शक्य नव्हतं. बायकांनी त्याचं फेशियल केलं आणि पुरुषांनी फाशी. भिशीच्या बायका एका दुपारी टॉवेल आणि केसांना लावायचे पट्टे घेऊन आल्या. विहीणबाईंनी त्यांना चहा पाजून परत पाठवलं आणि चार दिवस नवऱ्याशी त्या बोलल्या नाहीत. पुरुषांचं जास्त कठीण. न्हावऱ्याच्या एसटी स्टँडवर एक गृहस्थ शेजाऱ्याला सांगताना मी स्वतः ऐकलं, "वरवंडच्या मामांनी मला दोनदा फाशी दिली. आता तिसरी गुरुवारी हाय. म्हणले, ह्याच्यापुढं लागायची न्हाई." शेजारचा माणूस परगावचा असावा. तो उठून दुसऱ्या बाकावर जाऊन बसला.

रोग्याला पालथं झोपवायला टेबल हवं, आणि टेबलाला तोंडासाठी भोक हवं. गावच्या सुताराकडे भोकाचा एकच साचा होता, वॉश बेसिनचा. त्यामुळे लहान चणीच्या माणसाचं डोकं त्यातून खांद्यापर्यंत खाली जातं आणि त्याला परत वर घ्यावं लागतं. रोग्याला कंटाळा येऊ नये म्हणून व्याही भोकाखाली फरशीवर त्या दिवसाचं वर्तमानपत्र पसरून ठेवतात. "पान उलटू का?" असं मधूनमधून विचारतात, आणि हात गुंतलेले असल्यामुळे पायाच्या अंगठ्याने उलटतात. माझ्या वाट्याला नेहमी आतलं पान येतं. दौंड तालुक्यातली निधनवार्ता आणि निविदा सूचना माझ्याइतक्या बारकाईने दुसऱ्या कुणी वाचल्या नसतील.

म्हणजे मीही त्या टेबलावर गेलोच. नोकरीत वीस किलोची प्रमाण वजनं जीपमधून चढवता-उतरवता माझी कंबर गेली होती. शिरूरच्या डॉक्टरांनी फोटो काढले, पट्टा दिला, आणि वय झाल्याचं वर फुकट सांगितलं. व्याह्यांकडे जायला मात्र मी बरेच दिवस तयार नव्हतो. विज्ञानाचा प्रश्न बाजूला ठेवा. मुलीच्या बापाने मुलाच्या बापासमोर शर्ट काढून पालथं पडायचं, हे मानपानाच्या कुठल्या कलमात बसतं? व्याह्यांसमोर मी कधी पाय पसरून बसलो नव्हतो. शेवटी एका सकाळी मला मोजा घालता येईना, तो बायकोने घातला, आणि घालता घालता म्हणाली, "वरवंडला फोन करते." न्हावरा-चौफुला रस्त्यावरच्या गतिरोधकांनी जी काही लाज उरली होती ती वाटेत झटकून टाकली.

व्याह्यांनी अंगठा ठेवला आणि ते थांबले. थांबले म्हणजे हात थांबला. तोंड सुरू झालं. "हां, इथं हाय बघा. सेम केडगावच्या मास्तरसारखं. त्यांचं काय हाय, सुनेचं आन् त्यांचं पटत न्हाई, ते सगळं हितं साठलंय. आन् तो चौफुल्याचा टायरवाला, त्याची तर खालपर्यंत दोरी झालीय. बायको माहेरी गेल्यापासनं. पान उलटू?" असं ते तासभर बोलत. चार-सहा खेपांत मला दौंड तालुक्याची अंतर्गत परिस्थिती अशी कळली की ती पोलीस पाटलालाही ठाऊक नसेल. ऐकायला मजा येत होती हे खोटं कशाला सांगू. आपल्या पाठीचाही असाच प्रवास चालू असेल, हे मात्र डोक्यात आलं नाही. ते कळलं केडगावला. स्टेशनाबाहेर केळी घेत होतो. केळीवाल्याने मला आपादमस्तक न्याहाळलं आणि विचारलं, "तुम्हीच का शिरूरचे इवाई? डावा कुल्ला कसा हाय आता?"

डावा कुल्ला बरा होता, हीच खरी अडचण. महिना-दोन महिन्यांत दुखणं निम्म्यावर आलं आणि मोजा माझा मला घालता येऊ लागला. पण व्याह्यांनी याच काळात मला रोज घोडनदीच्या पुलापर्यंत चालायला लावलं होतं, आणि बायकोने गादी बदलली होती. शिवाय अशी दुखणी कधीकधी आपली आपणही ओसरतात. एकाच पारड्यात चार वजनं टाकल्यावर कुठलं किती भरलं हे कोणाला सांगता येणार? आणि व्याह्यांना माझ्याकडून नेमकं तेच हवं होतं. विहीणबाईंना पटवायला त्यांनी दोन तालुक्यांतून साक्षीदार आणले होते. बरे झालेले लोक स्वयंपाकघराच्या दारापर्यंत येऊन वाकून दाखवून जात. विहीणबाई त्यांना चहा देत आणि म्हणत, "नवऱ्यानं बायकोची पाठ चेपायची म्हंजी उलटंच झालं. गाव काय म्हणंल?" व्याह्यांना वाटायचं, हा नुसता बहाणा आहे, खरं म्हणजे हिचा उपचारावर विश्वास नाही. "तुमचा शबुद ती मानती," ते मला म्हणाले. "वजनमापेवाला खोटं बोलायचा न्हाई, म्हणती. तुम्ही नुसतं तिच्यादेखत म्हणा."

मग एका रविवारी आम्ही दोघं वरवंडला जेवायला गेलो. विहीणबाई उभ्यानेच वाढत होत्या, एक हात दाराच्या चौकटीवर. व्याह्यांनी पहिल्याच घासाला विषय काढला.

"सांगा इवाई. तुमच्या तोंडानं सांगा."

"दुखणं निम्म्याहून कमी झालं, हे खरं," मी म्हणालो.

"ऐकलं का?" व्याही दाराकडे बघून म्हणाले.

"पण चालणंही सुरू केलं होतं," मी पुढे म्हणालो, "आणि गादीही नवीन आहे. तेव्हा नेमकं कशामुळे, हे खात्रीने सांगता येणार नाही."

माझ्या बायकोने ताटाखालून मला कोपर मारलं. व्याह्यांचा घास हातातच राहिला. पाक करपल्यावर पॅनमनचा चेहरा कसा होत असेल ते मला त्या दिवशी दिसलं.

"बघा," विहीणबाई म्हणाल्या, "खरं बोलणारं माणूस हाय. घ्या, भाकरी घ्या गरम."

जेवण झाल्यावर व्याही मला परसात घेऊन गेले. मला वाटलं, आता ओरडा बसणार. पण ते गोठ्याच्या कुडाला टेकून उभे राहिले. "एवढं म्हणायला काय जात हुतं तुमचं," ते म्हणाले, पण रागावून नाही. "हंगाम असला की मी कारखान्यात. दिवसपाळी, रातपाळी. म्हशी हुत्या तवा. हिनं त्यास्नी वाढ्याच्या, उसाच्या शेंड्याच्या, मोळ्या आणायच्या, उसाच्या फडातनं घरापत्तूर, डोक्यावर. पाणी तसंच. मी घरी आलो की झोपायचो. आता पाठ दिसती ना मला, पदरावरनं दिसती. कुठं काय झालंय ते हितनं सांगतो मी. आन् ती हात लावू दीना." त्यानंतर त्यांनी मला उसाला यंदा पडलेल्या रोगाबद्दल बरीच माहिती दिली.

परतीच्या वाटेवर बायकोने न्हावऱ्यापर्यंत खिडकीची काच खाली-वर केली. मग म्हणाली, "तुमच्या पावतीची तिथे कोणाला गरज नव्हती."

"म्हणजे?"

"विहीणबाईंचा विश्वास आहे. आधीपासून आहे. भाकऱ्या करताना मला म्हणाल्या, त्यांच्या हाताला गुण हाय, मला काय दिसत न्हाई व्हय."

"मग अडलंय कुठे?"

"तोंडापाशी," बायको म्हणाली. "त्या म्हणाल्या, केडगावच्या मास्तरची सून मला ठावी हाय, टायरवाल्याची बायको ठावी हाय, तुमच्या मालकांचा डावा कुल्ला ठावा हाय. उद्या माझी पाठ चौफुल्याच्या हाटेलात चहाबरुबर निघाली तर? सगळं आयुष्य हाय त्या पाठीत, कुणाकुणाला वाटू?"

मी गाडी जरा हळू केली. "हे त्यांना सांगितलं का?"

"नवऱ्याला तोंडावर असं कसं सांगतील? मीही विहीण, मी कसं सांगणार? तुम्ही सांगा."

आता, मुलीच्या बापाने मुलाच्या बापाला 'तुम्ही फार बोलता' असं समोरासमोर सांगायचं, याला आमच्या दोन्ही तालुक्यांत जागा नाही. लग्नं मोडली आहेत याहून कमी कारणांवरून. पण विचार करता करता लक्षात आलं, की मला त्यांच्या समोर असायची गरज नव्हती. पुढच्या खेपेला मी नेहमीप्रमाणे शर्ट काढला, पालथा पडलो, बेसिनच्या भोकात तोंड घातलं, आणि खाली दिसणाऱ्या त्यांच्या पायांना उद्देशून बोललो. बायकोने सांगितलं ते सगळं, जसंच्या तसं. केडगावच्या केळीवाल्याचंही सांगितलं.

माझ्या कमरेवरचा अंगठा हलला नाही. खाली वर्तमानपत्राचं पान उलटायला उचललेला पाय मात्र तसाच अधांतरी राहिला.

"म्हंजी इश्वास हाय तिचा?" वरून आवाज आला.

"आहे."

"हातावर."

"हातावर."

"तोंडावर न्हाई."

"नाही," मी पायांना म्हणालो.

मी एका निविदेतल्या सगळ्या अटी वाचून काढल्या. मग पाय खाली आला. "पान उलटू?" त्यांनी विचारलं. "उलटा," मी म्हणालो. त्या दिवशी केडगावच्या मास्तरचं पुढे काय झालं ते मला कळलं नाही.

त्यानंतर काही दिवसांनी विहीणबाईंनी माझ्या बायकोला फोन केला. म्हणाल्या, शुक्रवारी दुपारी दोघंही या, आणि ओसरीवर बसा. नुसतं बसा. नवऱ्याला त्यांनी काय अट घातली ते बायकोने विचारलं नाही, पण आम्ही पोचलो तेव्हा व्याही माणसाने नुकतं मौन धरावं तसे ओठ आवळून बसले होते आणि आम्हाला 'या' सुद्धा हाताने म्हणाले. बेसिनच्या भोकाचं टेबल बाहेर ओसरीवरच होतं. विहीणबाईंनी ते नाकारलं होतं. आत जमिनीवर सतरंजी घातली होती. दोघं आत गेली आणि दार लागलं.

आम्ही दोघं पहाऱ्यावर बसलो. दुपार असूनही गिऱ्हाइकं येत होतीच. पाटसचा एक तरुण कमरेवर हात ठेवून आला. "मामा हायत का?"

"कामात आहेत," मी म्हणालो.

"कुणाची पाठ?"

"माहीत नाही," मी म्हणालो. खात्यात असतो तर मी स्वतःवरच नोटीस काढली असती. तरुणाने बंद दाराकडे पाहिलं, पाय वाजवत थोडा वेळ उभा राहिला, आणि परवा येतो म्हणून गेला.

आतून आवाज येईल म्हणून मी नकळत कान देऊन बसलो होतो. इतक्या खेपा मी त्या हातांखाली घालवल्या होत्या; अंगठा टेकला की पाठोपाठ शब्द सुरू होणार, हे मला पंख्याच्या खटक्याइतकं पक्कं ठाऊक होतं. पण आतून काही आलं नाही. हायवेवरून गाड्या जात होत्या, शेजारच्या घरी कुणी लसूण कुटत होतं. एकदा विहीणबाई काहीतरी म्हणाल्या, एखादाच शब्द. त्याला उत्तर आलं नाही. माझ्या बायकोने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, पुन्हा गुंडाळलं. आम्ही एकमेकांकडे बघायचं टाळलं.

दार उघडलं. व्याही बाहेर आले, नळावर हात धुतले, माझ्याशेजारी येऊन बसले.

"काय?" मी हळूच विचारलं.

"कशाचं काय?" ते म्हणाले. आणि हात पुसत, "न्हावऱ्याकडं पाऊस कसा हाय?"

याला आता बरेच महिने झाले. व्याह्यांचं तोंड पुन्हा पूर्वीसारखं सुरू आहे. टायरवाल्याची बायको परत आल्याचं आणि त्याची दोरी सुटल्याचं मला परवाच कळलं. पण दर शुक्रवारच्या दुपारबद्दल त्यांनी आजवर एक अक्षर काढलेलं नाही, मी दोनदा आडून विचारूनही. विहीणबाई बऱ्या झाल्या असं मी म्हणणार नाही. अजून उठताना हात गुडघ्यावर जातो. भिंतीपर्यंत जात नाही, एवढं मी पाहिलं आहे, आणि ते कशामुळे हे ठरवायच्या भानगडीत मी पडलेलो नाही. माझ्या बायकोने त्यांना एकदा विचारलं, पहिल्या दिवशी कसं वाटलं म्हणून. विहीणबाई तांदूळ निवडत होत्या. म्हणाल्या, "काय न्हाई. हात गरम हाईत त्यांचं. इतकी वर्सं झाली, मला ठावंच न्हवतं."

बायकोने हे मला सांगितलं तेव्हा मी आठवून पाहिलं. त्या हातांखाली मीही काही कमी वेळ काढलेला नाही. ते गरम आहेत की गार, मला सांगता येईना. मी सगळा वेळ ऐकत होतो.